बारशाला आलेली शेळी

माझी लेक दूध टाकायची. पाजलं, खांद्यावर घेतलं, की भळकन माझ्या पाठीवर ओघळ. घरातले टॉवेल, आईची जुनी लुगडी, बापूंचा गमजा, सगळ्याला आंबूस वास. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वजन छान वाढतंय, काळजी नको. पाजल्यावर थोडा वेळ उभं धरा, ढेकर काढा, अंगावरचंच पाजत राहा." मी निवांत झाले आणि हे सगळं फोनवर सासूबाईंना सांगून बसले. इथंच घोळ झाला.

बारशाच्या दिवशी सासरची जीप मानवतहून माझ्या माहेरी, बोरीला आली. लोक पाळणा आणतात, कुंची आणतात, बाळंतविडा आणतात. आमच्या सासूबाईंनी वर एक शेळी आणली!

"तुझं दूध पोरीला सोसंना," त्या अंगणातच म्हणाल्या. "आजपासून हिचं पाजायचं."

माझं डोकंच फिरलं. बाई गं, माझ्या लेकीला माझं दूध चालंना, अन् हे दाढीवालं जनावर चालतंय व्हय? पण अंगण पाहुण्यांनी भरलेलं, आई डोळ्यांनीच गप राहा म्हणायलेली. मी रडू गिळलं, खोलीत गेले आणि हट्टानं लेकीला पोटभर पाजलं. ढेकर काढायच्या आतच बायकांनी तिला उचलून नेलं.

"गोविंद घ्या, गोपाळ घ्या!" एकीनं पाळण्यावरून दिली, दुसरीनं खालून घेतली.

"अवो, आत्ताच पाजलंय, हळू!" पण ऐकतंय कोण? लेक फिरत फिरत सासूबाईंच्या हातात गेली आणि त्यांच्या नव्याकोऱ्या जरीच्या पदरावर सगळं भसकन.

"बघा! म्हनलं न्हवतं का मी?" सासूबाई ओरडल्या.

तेव्हा सासरे बोलले. हा माणूस बायकोपुढं कधी तोंड उघडत नाही. "आपलं पोरगं काय कमी टाकायचं? तवा माझ्या मायनं अशीच शेळी आणली, तर तू जेवण सोडलं व्हतंस."

शेळी तेवढी ओरडली. सासूबाईंनी पदर पुसला नाही. लेकीला खांद्याशी उभी धरून पाठ थोपटत राहिल्या. तिनं गड्यासारखा ढेकर दिला, तशा बायका खदखदून हसल्या.

"लय रडले व्हते मी," सासूबाई हळूच म्हणाल्या.

संध्याकाळी त्यांनी स्वतः शेळीची धार काढली आणि दूध तापवून ग्लास माझ्यापुढं धरला. "हे तू पी. पोरीला तुझंच पाज."

काय तो वास, अरे देवा! मी नाक दाबून प्याले. ग्लास रिकामा होईपर्यंत त्या समोरून हलल्या नाहीत.