अर्धा कोयता

माझ्या नवऱ्याने कोयत्याची पाठ माझ्या भावाच्या उजव्या मनगटावर घातली. हाड मोडल्याचा आवाज मला चुलीपाशी ऐकू आला. ऊस मोडावा तसाच होता. शेजारच्या दोघांनी भावाला खाली पाचटात दाबून धरलं होतं. बाकीचे उसाच्या पाल्याच्या कोप्यांच्या दारात उभे राहून बघत होते. सोडवायला कोणी आलं नाही. मीही नाही. माझ्या हातात थापलेली भाकरी होती, ती मी तव्यावर टाकली.

हे माझ्या तोंडाने घडवलं होतं.

दुष्काळ सरला त्या साली आम्ही शेवगावकडून राहात्याच्या बाजूला ऊसतोडीला गेलो होतो. तोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. नवरा तोडतो, बायको मोळी बांधून डोक्यावर गाडीपर्यंत वाहते. लग्न न झालेला गडी म्हणजे अर्धा कोयता, त्याला मुकादम सहसा घेत नाही. म्हणून आमच्यात पोरांची लग्नं तोडीवर निघायच्या आत उरकून टाकतात. माझा भाऊ बावीस वर्षांचा होता आणि त्याने दोन मुली नाकारल्या होत्या. मग मुकादमाने पाथर्डीकडचा तसलाच एक अर्धा गडी त्याला जोडून दिला. दोघांचा मिळून एक कोयता, दोघांना एक कोपी. आमच्या कोपीला लागूनच.

भाऊ तोडायचा, तो गडी बांधायचा. बायका भावाला चिडवायच्या, "काय वो, तुमची बायको मोळी लई झ्याक बांधती की!"

तो गडी डोक्यावरचा भार सावरत म्हणायचा, "वहिनी, तुमच्यापरीस बरी. तुमची तर गाडीपर्यंत जाईस्तवर सुटती."

सगळा फड हसायचा. माझा नवराही हसायचा.

थंडी पडली तशी दोघं कामं बदलून करायला लागले. पहिल्यांदा मोळ्या वाहून भावाचं डोकं सोललं, तर त्या गड्याने आपला नवा टॉवेल फाडून त्याला चुंबळ वळून दिली. चुंबळ बायका वळतात, तीही जुन्या लुगड्याची. नवा टॉवेल कोणी फाडत नाही. मी ते बघितलं. भाऊ लहानपणापासून घुम्या, पण त्या दिवसांत ऊस तोडताना काहीबाही गुणगुणायचा.

संक्रांतीच्या तोंडावर माझ्या सासरकडून एक मुलगी सांगून आली. मी भावाला म्हटलं, "आता तरी हो म्हण. किती दिवस अर्धा ऱ्हातो?"

तो उसाचं कांडं सोलत होता. म्हणाला, "आक्का, माझा कोयता पुरा हाय."

"म्हंजी?"

"म्हंजी पुरा हाय. मला तरी कुटं ठावं हुतं? हितं आल्यावर कळलं."

मला काय ते कळलं. राग आला तो मुलीकडच्यांना आता काय सांगायचं याचा. दुसऱ्या सकाळी नवऱ्याला भाकरी वाढताना त्या रागात मी भावाचे शब्द जसेच्या तसे बोलून दाखवले. नवरा चावायचा थांबला. ताट तसंच सारून उठला, शेजारच्या दोघांना हाक मारली आणि कोयता उचलला.

तो गडी तेव्हा विहिरीवर पाणी भरत होता. मुकादमाने त्याला तिथूनच हाकलून दिलं, अंथरूणसुद्धा नेऊ दिलं नाही. पुढे तो कुठे गेला ते कधी कळलं नाही.

नवरा मला म्हणाला, "तुजा भाऊ म्हणून हातावर भागवलं."

मी भावाच्या हाताला कामट्या लावून फडकं बांधलं. त्याने एकदाच विचारलं, "त्यो गेला का?"

"गेला."

"माजी चुंबळ?"

"न्हाई दिसली."

ती मी सकाळीच चुलीत घातली होती. नवऱ्याच्या डोळ्यांसमोर यायला नको म्हणून, असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे मला तिची किळस आली होती.

हात वाकडाच बसला. त्या हाताने त्याला पुन्हा कोयता धरता आला नाही. मोडक्या हाताच्या गड्याला मुलगी कोण देणार? लग्नाचा विषय तिथेच संपला. माझ्या बोलण्याने त्याचं काही भलं झालं असेल तर एवढंच. त्याने शेळ्या राखल्या. गुणगुणताना मी त्याला परत ऐकलं नाही.

नवरा मेल्यावर मी भावाकडे राहायला आले. त्याने दार उघडलं आणि माझं गाठोडं डाव्या हाताने आत घेतलं. चुंबळीचं मी त्याला अजून सांगितलेलं नाही.

मुकादम गेला. हात धरणारे दोघेही गेले. त्या ओळीतल्या कोप्यांमधले, मला ठाऊक आहेत त्यांतले, आता आम्ही दोघंच जिवंत आहोत. मी आणि माझा भाऊ.