आतला आचारी

हॉटेल म्हणावं तर मालकांनाच हसू यायचं. सहा टेबलं, एक गल्ला, मागे अंधारं स्वयंपाकघर, आणि हा सगळा गाडा ओढणारी एकटी ताई. गिऱ्हाइकं तिला ताई म्हणत, मालक ताई म्हणत, घरी सासूसुद्धा आता ताईच म्हणू लागली होती.

पूर्वी आत खराखुरा आचारी होता. एका सकाळी तो न सांगता जो गेला तो गेला. मालकांना वाटलं, आचारी नाही हे कळलं तर गिऱ्हाईक फिरकणार नाही. "दुसरा मिळेपर्यंत तू आपली नेहमीसारखी आत ओरडत राहा," ते ताईला म्हणाले. दुसरा काही मिळाला नाही. ताई मात्र ओरडत राहिली.

म्हणजे कसं, की टेबलापाशी उभी राहून ती आतल्या दाराकडे तोंड करून पुकारायची, "दोन सूप, एक ऑम्लेट, मिरची कमी." मग लगबगीने आत जायची आणि घोगरा आवाज काढून स्वतःच जबाब द्यायची, "होतंय." कधी आतून कुरकुर यायची, "एकदम सगळ्यांना बसवू नका हो." मग बाहेर येऊन ती गिऱ्हाइकाला समजवायची, "जरा तापट आहेत, पण हाताला चव आहे." भांडी तीच घासायची, फरशी तीच पुसायची, आणि ओले हात ॲप्रनला पुसून गल्ल्यावरही तीच बसायची. रोजच्या मंडळींना हे केव्हाच कळलं होतं, पण कुणी ब्र काढला नाही. कोपऱ्यातल्या टेबलावरचे शिंपीकाका तर मुद्दाम विचारायचे, "आज आचाऱ्याची तब्येत कशी आहे?"

"पाय दुखताहेत त्यांचे," ताई म्हणायची. दुखतच असायचे. एवढं राबून वर थट्टा करायची, म्हणजे काय काळीज असेल बाईचं!

मग मालक घसरून पडले आणि अंथरुणाला खिळले. कारभार बघायला त्यांचा जावई आला. माणूस वाईट नव्हता, पण घाईचा. भर दुपारी, टेबलं भरलेली असताना, गल्ल्याजवळ बसून त्याने आतला घोगरा आवाज बराच वेळ कान देऊन ऐकला आणि ताईला बोलावलं.

"सासऱ्यांना आता झेपत नाही. एक माणूस कमी केलं नाही तर कुलूप लावावं लागेल. आचारी तर हवाच. भांडी घासणारंही कुणीतरी लागणार. ताटं काय, मीच नेईन. तुम्ही उद्यापासून येऊ नका."

शिंपीकाकांचा घास हातातच राहिला. ताईचा चेहरा पांढराफटक पडला. नवऱ्याचं काम सुटलेलं, घरची चूल हिच्याच जिवावर. आत आचारी नाहीच हे सांगावं, तर भरल्या टेबलांसमोर मालक खोटे पडणार.

"आत विचारून येते," ती म्हणाली.

दारामागून घोगरा आवाज आला, "ती गेली तर मीही चाललो." पाठोपाठ एक बारीक आवाज, "मग मी तरी भांडी कुणाची घासू?"

शिंपीकाकांना ठसका लागला. जावई वैतागून उठला आणि आचाऱ्याची समजूत काढायला आत गेला.

आत ताई एकटीच होती. एका हाताने डोळे पुसत होती, दुसऱ्याने ऑम्लेट उलटत होती. खुंटीवर एक पिशवी, फळीवर पाण्याचा एक पेला.

"बाकीचे कुठे आहेत?"

"एवढेच आहोत," ताई म्हणाली. "बाजूला व्हा, ऑम्लेट करपेल."

त्याने पिशवीकडे पाहिलं, पेल्याकडे पाहिलं. मग त्याने बाह्या वर केल्या आणि तो भांड्यांच्या ढिगापाशी गेला.

ताई ताट घेऊन बाहेर आली. दारात नवं गिऱ्हाईक उभं होतं. त्याला बसवून तिने सवयीने पुकारलं, "एक सूप." जबाब द्यायला ती आत वळणार, तोच आतून आवाज आला, "होतंय."

ताई जागच्या जागी थांबली. इतक्या वर्षांत तिच्या हाकेला दुसऱ्या कुणी पहिल्यांदाच ओ दिली होती.

शिंपीकाकांनी समोरची खुर्ची पायाने सरकवली. "बस गं घटकाभर."

आणि ताई बसली.