दहा लाख मीटर आणि माझं टेबल

आमचे हे लिफ्ट दुरुस्त करतात. सव्वीस वर्षं झाली. अख्ख्या गावाला वर-खाली न्यायची जबाबदारी यांच्यावर, आणि स्वतः तिसऱ्या मजल्यावरच्या घरी येताना जिन्याच्या प्रत्येक वळणावर थांबून म्हणणार, "जरा हा बल्ब बघतो." बल्बला काही झालेलं नसायचं. दम यांचा संपलेला असायचा. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. त्यावरचा विनोद सगळ्यांचा करून झालाय, तुम्ही करू नका.

डॉक्टर म्हणाले, व्यायाम करा. चाला. तर चालायला यांना लाज वाटते. पोहा. तर पाण्याची भीती, भरलेली बादली दिसली तरी हे भिंतीकडून जातात. मग एका संध्याकाळी चार माणसं जिन्यातून "हळू, हळू, कोपरा बघा" असं ओरडत एक धूड घेऊन वर आली. वल्हवायचं मशीन. आठ फूट लांब लोखंडी पट्टी, तिच्यावर सरकणारी सीट, पुढे पंखा, पंख्याला साखळी आणि साखळीला दांडा. दांडा ओढला की सीट मागे जाते, पंखा घोंघावतो आणि नाव किती मीटर गेली तो आकडा समोरच्या डबीत पडतो. आता नाव कुठाय? नाही. पाणी? तेही नाही.

"म्हणूनच तर घेतलं," हे म्हणाले.

वल्हवणारा माणूस पाठमोरा जातो म्हणे. मी पहिल्याच दिवशी विचारलं, "अहो, तोंड खिडकीकडे करून बसलात, मग नाव चाललीय कुठे?" यांनी बराच विचार केला. "स्वयंपाकघराकडे," म्हणाले.

हसून झाल्यावर मी भांडायला घेतलं. भांडण जागेचं होतं. मी पडदे शिवते. हॉटेलांचे, दवाखान्यांचे, लोकांच्या दिवाणखान्यांचे. पडदा कापायला लांब टेबल लागतं, आणि तसं टेबल मी सुताराकडे सांगूनही ठेवलं होतं. आमच्या घरात खोल्या दोन. आतल्या खोलीत पलंग, कपाट आणि माझं शिलाई मशीन. बाहेरच्या खोलीत आठ फुटांची एकच वस्तू राहू शकते. हे धूड उभं करावं तर छत आडवं येतं. म्हणजे एकतर माझं टेबल, नाहीतर यांची नाव.

तेव्हा हे दोनशे मीटर वल्हवून जमिनीवर आडवे पडले होते. पडल्या पडल्या हात वर करून म्हणाले, "दहा लाख मीटर होऊ देत. झाले की त्याच दिवशी मशीन घराबाहेर. शब्द!"

दहा लाख! यांना वाटलं, हा जन्म तर निघाला. मला वाटलं, महिनाभरात कंटाळतील. आम्ही दोघंही चुकलो, कारण मध्ये ती टीम आली.

टीमचं नाव "न बुडणारे". नऊ जण, नऊ गावचे, घरोघरी असलंच मशीन घेऊन बसलेले. सकाळी सहा वाजता फोनवर सगळे एकत्र वल्हवायचे. फोन ठेवायचा जमिनीवर, बाजूला, डब्याला टेकवून, कारण आठ फुटी मशीन समोरून मावतच नाही. त्यामुळे कुणाचाही चेहरा दिसत नाही. एक कान, एक गुडघा आणि पुढे-मागे जाणारं पोट, बस. अशा नऊ कानांची ही मैत्री. कप्तान म्हणजे एक दातांची डॉक्टरीणबाई. तिला सवय पेशंटची, त्यामुळे सारखं "झालंच, झालंच, अजून थोडंसंच" म्हणत ती माणसाकडून चार हजार मीटर काढून घेते. एक बेकरीवाला, तो रात्रभर पाव भाजून आल्यावर वल्हवतो. एक पोस्टातून निवृत्त झालेले आजोबा. ते मधेच झोपतात, मग बाकीचे आठ जण ओरडून त्यांना उठवतात. बाकीची नावं मला यांनी सांगितली होती, मी लक्ष दिलं नाही. आवाजही मला ऐकू यायचे नाहीत, यांच्या कानात फोनची बोंडं असायची. मला ऐकू यायचं ते फक्त एकट्याने "हो हो! अरे वा! आजोबा उठा!" असं ओरडणं. शेजारीण एकदा विचारून गेली, सगळं ठीक आहे ना म्हणून.

पण माणूस बदलला, हे कबूल केलं पाहिजे. कुणाचे लाख मीटर झाले की त्या सकाळी सगळे मिळून त्याचे शेवटचे मीटर वल्हवायचे आणि टाळ्या पिटायच्या. हे घरी कधी वाढदिवसाला टाळ्या न वाजवणारे, त्या बेकरीवाल्याच्या पाच लाखाला डोळे पुसत बसले होते. जिन्यातले बल्ब बघणं बंद झालं. रोज रात्री जेवताना मला आकडा सांगायचे. चार लाख. सहा लाख. आठ लाख वीस हजार. मी म्हणायची, "छान. सुताराला फोन करून ठेवते."

आणि नऊ लाखांनंतर आकडा सांगणं थांबलं.

मला कळायला वेळ लागला नाही. साखळीचा आवाज मला पाठ झालेला. आधी खर्र-घुं, खर्र-घुं चालायचं, आता एक खर्र आणि मग नुसत्या गप्पा. हे दांडा पोटावर घेऊन बसून राहायचे, एखाद्याने दुपारच्या झोपेत पेपर धरावा तसे. दिवसाला पन्नास मीटर, कधी तीस. दहा लाख झाले की मशीन जाणार, मशीन गेलं की टीम जाणार. म्हणून साहेब पोचायचंच टाळत होते. मी म्हटलं बघू, किती दिवस ओढतात. न ओढता.

पण टीमला काय माहीत यांचा आणि माझा करार? डॉक्टरीणबाईने निदान केलं, लिफ्टवाल्याला अशक्तपणा आलाय. आणि या मंडळींचा एक रिवाज आहे, त्याला ते "हात देणं" म्हणतात. कुणी आजारी पडला की बाकीच्यांनी जास्तीचं वल्हवायचं आणि ते मीटर त्याच्या नावावर लावायचे.

एका रात्री हे पानावर बसले आणि घास हातातच राहिला.

"काय झालं?" मी विचारलं.

"बेकरीवाल्याने मला बारा हजार दिले."

"वा! चांगला माणूस आहे."

"आजोबांनी चार हजार दिले. झोप मोडून." यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "मी नको म्हटलं. तर म्हणाले, किती हा विनय! आणि आणखी दोन हजार दिले."

भीक नको पण कुत्रं आवर, अशी गत. हे जितके नको नको म्हणत, तितका तिकडे प्रेमाला पूर येई. आठ माणसं आठ गावांत यांच्यासाठी घाम गाळत होती आणि यांना ढकलत ढकलत दहा लाखांकडे नेत होती. एका शनिवारी आकडा येऊन थांबला. तीनशे बाकी. तेवढे त्यांनी मुद्दाम ठेवले होते. शेवटचे ज्याचे त्याने वल्हवायचे, रविवारी सकाळी, सगळ्यांच्या साक्षीने.

त्या रात्री हे पंख्यावरची धूळ पुसत बसले. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण मंगळवारपर्यंत एका दवाखान्याचे चौदा पडदे द्यायचे होते, आणि माझे गुडघे आता रडायला आले होते.

कारण मी कापत कुठे होते, सांगते. जमिनीवर. मशीन आणि भिंत यांच्यामध्ये दोन-अडीच फुटांची पट्टी उरली होती. सकाळचा पहिला उजेडही तिथेच येतो, आणि कापडाचा खरा रंग त्यातच कळतो. म्हणून रोज सकाळी सहाला हे वर वल्हवत असायचे आणि मी पलीकडे तपकिरी लोकरी गाऊन घालून, तोंडात टाचण्या धरून, गुडघ्यांवर आणि एका हातावर या टोकापासून त्या टोकापर्यंत कापत जायची. मग परत यायची. वर्षभर.

रविवारी तशीच कापत होते. सोहळा म्हणून यांनी कानातली बोंडं काढली होती, आवाज मोठा केला होता. आठ जणांचा नुसता कलकलाट.

"झालंच, झालंच, तीनशेच!" डॉक्टरीणबाई.

"दांडा जरा घसरतोय," हे म्हणाले. रुमालाने दांडा पुसला. मग हात पुसले. मग बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. मग दुसऱ्या बुटाची. मग म्हणाले, "बेल वाजली बहुतेक." बेल वाजली नव्हती. माझी कात्री कापडाच्या मध्यापर्यंत आली होती, मी पुढे सरकले.

आणि फोनमधून आजोबा आनंदाने ओरडले, "तो बघा, ढम्या आला!"

"ढम्या! ए ढम्या!" सगळे एकदम. कुणी शीळ घातली. कुणी जिभेने टक्-टक् केलं.

मी मागे पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

"लिफ्टवाले, आज त्याला जरा पुढे आणा ना," डॉक्टरीणबाई म्हणाली. "किती गुणी जनावर! वर्षभर बघतेय, एकदा भुंकला नाही."

माझ्या डोक्यात उजेड पडायला थोडा वेळ लागला. मागच्या महिन्यात कुरिअरने एक रबरी हाड आलं होतं. हे म्हणाले होते, पत्ता चुकलाय. मी यांच्याकडे पाहिलं. यांची पाचावर धारण बसली होती.

मी फोनसमोर गेले आणि तोंड वर केलं. बेकरीवाला एवढ्या जोरात किंचाळला की आजोबा सीटवरून घसरले. मला तर खूप काही बोलायचं होतं, पण तोंडात टाचण्या. एकेक काढून गाऊनला खोचली. सात होत्या.

"मी ढम्या नाही," मी म्हटलं. "मी बायको आहे."

"अगं, पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, कुत्रा आहे का म्हणून," हे घाईघाईने म्हणाले. "मला दम लागला होता, मी नुसतं हं म्हटलं. मग दुसऱ्या दिवशी त्याला नाव ठेवलं. आता नाव ठेवल्यावर कसं सांगणार?"

एरवी मी यांना तिथेच सोलून काढलं असतं. पण डॉक्टरीणबाईने मध्येच विचारलं, अगदी हळू, "वहिनी, पण तुम्ही रोज जमिनीवर कशाला?"

"पडदे कापते. टेबलाला जागा नाही. टेबलाच्या जागेवर हे बसलेत. दहा लाख झाले की उठणार होते."

तेव्हा पहिल्यांदा ते आठही जण मान वळवून फोनकडे बघायला लागले. मला वाटलं, आता सगळे मिळून मला विनवतील, राहू द्या हो मशीन. पण ते माझ्याकडे बघतच नव्हते. यांच्याकडे बघत होते.

हे माझ्या गुडघ्यांकडे बघत होते. गाऊन तिथे झिजून पातळ झाला होता, आतून जुन्या अस्तराचं ठिगळ लावलं होतं मी.

"रोज?" यांनी विचारलं.

"रोज. तुमच्या उजव्या हाताला, दोन फुटांवर."

यांनी दांडा धरला आणि ओढला. असं ओढताना मी यांना वर्षभरात पाहिलं नव्हतं. ना दांडा घसरला, ना बेल वाजली. पंखा असा घोंघावला की माझे कापलेले तुकडे खोलीभर उडाले. तीनशे मीटर संपले, डबीने टुंईं केलं. दहा लाख. टाळी कुणीच वाजवली नाही. हे खाली उतरले, कामाच्या पिशवीतून पाना काढला, आणि त्याच घामात मशीनचे बोल्ट खोलायला बसले. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि मला म्हणत होते, "घाम आहे."

मशीन ज्या दुकानातून आलं त्याच दुकानात गेलं. बुधवारी टेबल आलं. मी म्हटलं, सुटले. पण रोज सहा वाजता हे पलंगाच्या कडेवर उठून बसायचे आणि दोन्ही हात आपोआप पोटाकडे ओढायचे. चौथ्या दिवशी मला ते बघवेना. हे कामावर गेल्यावर यांच्या डायरीतून डॉक्टरीणबाईचा नंबर काढला आणि फोन लावला.

"ढम्या बोलतेय," मी म्हटलं.

पलीकडे पाच मिनिटं नुसती माफी चालली होती. ती संपल्यावर मी मुद्द्याचं विचारलं: वल्हवता येत नसेल तर तुमच्या नावेत माणसाला काही काम असतं का? तर म्हणाली, असतं की! खऱ्या नावेत एक जण असा असतोच, जो काही करत नाही, नुसता बसून ओरडतो, "ओढा! सोडा!"

उंटावरून शेळ्या हाकायचं काम. मी म्हटलं, अहो, हा माणूस त्यासाठीच जन्माला आलाय.

तर आता सहा वाजता हे माझ्या टेबलाच्या टोकाला स्टुलावर बसतात. फोन समोर, माझी लाकडी पट्टी हातात. टेबलावर पट्टी आपटत ओरडतात, आणि ताल यांचा असा की आठ माणसं आठ दिशांना वल्हवतात. पहिल्या सकाळी तर बेकरीवाल्याने विचारलं, हे कोण नवीन? यांचा चेहरा त्याने असा सरळ समोरून कधी पाहिलाच नव्हता. त्या गोंधळात माझाही एक पडदा वाकडा कापला गेला. मी कात्री ठेवली, यांना दोन शब्द सुनवायला सरळ उभी राहिले, पाठ ताणली.

फोनमधलं वल्हवणं एकदम थांबलं. मग आजोबा, चक्क जागे होते, म्हणाले, "वहिनी! तुम्ही केवढ्या उंच आहात हो!"

"आहेच," मी म्हटलं. "यांच्यापेक्षा चार बोटं जास्त. लग्नाच्या फोटोत हे खोक्यावर उभे आहेत."