पहिला मान सर्व्हरचा

ऑफिसात चहा आला की पहिला कप कोणाचा हे मानकरी ठरवायचे. आडनाव त्यांचं वेगळंच. पण कुठेही आधी कोण, मग कोण हे लावून द्यायची त्यांना इतकी खोड, की आम्ही नावच मानकरी पाडलं. पहिला कप झाडूवाल्या शेवंताबाईंना. "साहेब जागे होतात तवा हिचं अर्धं ऑफिस झाडून झालेलं असतं," म्हणायचे. साहेबांना चौथा.

नव्वदच्या दशकाचा शेवट. मांडवीजवळ आमची मासळी परदेशी पाठवणारी कंपनी. तीन वेगवेगळ्या बनावटीचे सहा कॉम्प्युटर एकाच केबलला जोडलेले, आणि सगळ्या फाइली पॅसेजमधल्या जुनाट सर्व्हरवर. ही यंत्रं आपसात एक म्होरक्या निवडत आणि कुठली फाइल कुठे आहे ते त्याला विचारत. साहेबांचं नवं मशीन रोज सकाळी ती जागा बळकावायचं, आणि त्याला तर काहीच ठाऊक नसायचं! माझी मासळीच्या पेट्यांची यादी सापडायची नाही, लॉरी खोळंबायची. मी तेव्हा टेंपररी. साहेबांनी सांगून टाकलं, "आता यादी हरवली तर उद्यापासून येऊ नका."

मानकऱ्यांनी दोन दिवस सर्व्हरचं पुस्तक वाचलं. प्रत्येक मशीनला मानाचा आकडा देता येतो, हे त्यांना सापडलं. "काल आला नि पालखीला पयला खांदा मागतो काय!" म्हणत त्यांनी सर्व्हरला सर्वांत मोठा आकडा दिला आणि साहेबांच्या मशीनला सर्वांत छोटा. यादी झटकन छापून आली.

चार दिवसांनी साहेबांनी आपल्या मशीनचा तो छोटा आकडा पाहिला. "मुख्य मशीन माझ्या केबिनमध्ये पाहिजे!"

"होय साहेब," मानकरी म्हणाले, आणि शब्दाला जागले. सर्व्हरच उचलून केबिनमध्ये ठेवला, वर बायकोने भरलेला रुमाल घातला. साहेबांचं चकचकीत मशीन माझ्या टेबलावर आलं.

मानकऱ्यांनी सर्व्हरकडे बोट दाखवलं. "यावर टाइप करायचं नाय साहेब. मुख्य मशीन काम करत नसतं."

साहेबांनी गंभीरपणे मान डोलावली. मी तोंडात पदर कोंबून बाहेर पळाले.

साहेब पाहुण्यांना ते मशीन कौतुकाने दाखवत. महिन्याभराने मुंबईचा इंजिनिअर आला, सगळ्यांसमोर खो खो हसला आणि हा नुसता फाइली ठेवायचा जुना डबा, चांगलं मशीन बाहेर बाईंच्या टेबलावर आहे, असं सांगून बसला.

"कोणाची अक्कल ही?" साहेब कडाडले. हे सगळं माझ्या यादीपायी झालं होतं, म्हणून मी उठले.

"माझी," मानकरी म्हणाले. "या बायला काय कळतंय यातलं?"

मला सगळं कळत होतं. आठवड्यात त्यांची दापोलीच्या गोदामावर बदली झाली. घर मांडवीत, बायको आजारी. एस.टी. स्टँडवर मला रडू आवरेना.

"यादी वेळेवर जाते ना गो? मग झालं तर."

पुढे मी कायम झाले. ती नोकरी निवृत्तीपर्यंत केली, पण ती मी मिळवली असं कधी वाटलं नाही. ती त्यांनी मला देऊन टाकली होती.