शनिवारचा सेल्फ

फिजीतल्या आमच्या लबासाचे उसाचे ट्रक हट्टी, आणि ट्रकवाले त्यांच्याहून हट्टी. मी बिसेसर, त्यांतलाच. ऐन गाळपात माझ्या म्हाताऱ्या ट्रकचा सेल्फ, म्हणजे इंजिन चालू करणारी मोटर, गेला. मग आम्ही सगळे करतो तेच केलं. ट्रक उतारावर लावायचा, चाकाखाली दगड ठेवायचा. दगड काढला की ट्रक घरंगळतो, गिअर टाकला की इंजिन चालू. साखर मिलच्या रांगेत जमीन सपाट, तिथे इंजिन बंदच करायचं नाही. दहा दिवस असे काढले. शेवटी बायको भडकली. म्हणाली, "वुनीमोलीच्या अण्णांकडे जा, नाहीतर उद्यापासून जेवण त्या दगडाकडे माग."

अप्पलसामी अण्णा म्हणजे सेल्फ दुरुस्त करण्यात सगळ्या मुलखात एक नंबर, आणि चिकित्सकपणातही. त्यांच्याकडून काम वेळेवर मिळालेला माणूस मला अजून भेटायचाय. म्हणून मी शहाणपणा करून दुकानातला नवा कोरा सेल्फच घेऊन गेलो, म्हटलं नुसता बसवून द्या.

अण्णांनी तो तळहातावर तोलला. "अरे, यात तांबं भरलंय की वारा? दाते मोज. जुन्याला अकरा, याला दहा. फ्लायव्हीलचे दाते खाऊन टाकेल हा." दांडा हलवला तर तो खुळखुळला. "परत दे जा."

"मग तुमच्याकडचा द्या की! तो फळीवरचा काय वाईट आहे?"

फळीवर स्वच्छ फडक्यात एक काळा सेल्फ ठेवलेला होता. तेवढ्यात लांबून मिलचा बाराचा भोंगा झाला, आणि फळीवरून आवाज आला. घर्रर्र. बॅटरी नाही, वायर नाही. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

"अण्णा! हे काय?"

"रोजचंच आहे. बस खाली. दोरसामीचा सेल्फ आहे तो."

दोरसामी त्यांचा धाकटा भाऊ. सेल्फशिवाय ट्रक चालवायचा, आमच्यासारखाच. एकोणीस वर्षांपूर्वी सेआंगांगाच्या उतारावर चाकाखालचा दगड सटकला, हा पळत केबिनमध्ये चढायला गेला आणि चाकाखाली आला. एवढं सगळ्यांनाच माहीत होतं. बाकीचं अण्णांनी त्या दिवशी सांगितलं.

"गुरुवारी न्यायला आला होता रे. सेल्फ तयार होता. दांड्याचा एक बुश जरासा सैल वाटला, म्हटलं अर्धवट काम मी देत नाही, शनिवारी ये. हसला. म्हणाला, 'शनिवारी बाराचा भोंगा झाला की मी हजर.' शुक्रवारी गेला." अण्णा फडक्याची घडी उलगडत होते. "तेव्हापासून तपासतोय. गरम करून पाहिला, भिजवून पाहिला, एकदाही चुकला नाही. माझे डोळे चालले, बिसे. मरायच्या आधी हा कुणाच्या तरी ट्रकला लागलेला बघायचाय."

भीती वाटली, खोटं कशाला बोलू? पण म्हाताऱ्याने सेल्फ उचलून माझ्यापुढे धरला. मी हो म्हणालो. अण्णांनी मंगळवारी तो बसवला, आणि माझा दगड स्वतःच्या हाताने ओढ्यात फेकून दिला.

सेल्फ कसला, सोनं! इंजिन थंड असो की तापलेलं, अर्ध्या फेऱ्यात चालू. रांगेत मी पहिल्यांदाच इंजिन बंद करून खाली उतरलो. गुरुवारी बाराच्या आधी बघतो तर अण्णा बसमधून उतरून रांगेत माझा ट्रक शोधत होते.

"फळी गप्प झाली रे," ते म्हणाले. "काल भोंगा झाला तरी काही नाही. घर खायला उठलं. एकदा सेल्फ मार ना."

मी मारला. बॉनेटवर हात ठेवून ते ऐकत राहिले. शुक्रवारी पुन्हा आले. बाकीचे ड्रायव्हर चिडवायला लागले, "बिसेसर, अण्णांनी ट्रकशी सोयरीक जुळवली की काय?"

"तुझ्याशी जुळवण्यापेक्षा बरं!" मी म्हणालो. मला हसू मात्र येत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी शनिवार होता. किल्ली खिशात टाकून मी आंब्याखाली यंगोना, ते मुळ्यांचं गुंगीचं पेय, प्यायला बसलो होतो. अण्णा एकटेच बॉनेटला टेकून उभे होते. बाराचा भोंगा झाला. घर्रर्र. माझा ट्रक चालू झाला.

मी खिसा चाचपला. किल्ली खिशातच होती. केबिन रिकामी होती. हातातली वाटी कलंडून सगळी मांडीवर सांडली.

अण्णांनी चाचपडत ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं आणि मान वर करून रिकाम्या सीटकडे पाहिलं.

"झाला रे तयार," ते म्हणाले. "आता घेऊन जा."