मरून टॉवेल आणि लाउंजमधला फोन

किशोरशेठ ताट भरून परत आले तेव्हा मी त्यांना म्हटलं, मीटिंगमध्ये काय सांगायचं ते इथंच ठरवून घेऊ. पुढच्या विमानाला अजून बराच वेळ होता. त्यांनी बूट काढले, पाय समोरच्या स्टुलावर टाकले आणि म्हणाले, "मॅडम, आधी एन्जॉय करा. इथं सगळं फ्री असतं."

आखातातल्या एका विमानतळावरचा हा लाउंज. लाउंज म्हणजे विमान कंपनीने महागड्या तिकिटाच्या किंवा खास कार्डाच्या प्रवाशांसाठी ठेवलेली बसायची जागा. गुबगुबीत खुर्च्या, मंद दिवे, हवं तेवढं खाणं. बाहेर गेटजवळ माणसं बॅगा उशाला घेऊन फरशीवर झोपलेली असतात. ती दिसू नयेत म्हणून काच दुधी असते. शेठच्या कार्डावर एक पाहुणा चालत होता, म्हणून मी आत. हे त्यांनी मला सोलापूरहून हैदराबादला जाताना गाडीत सांगितलं होतं, आणि लाउंजच्या काउंटरवर चारचौघांत पुन्हा.

आम्ही निघालो होतो जर्मनीला, माफी मागायला.

मी सोलापुरात किशोरशेठच्या टॉवेल कारखान्यात लॅब सांभाळते. टॉवेल रंगवला की सगळा रंग धाग्यात मुरत नाही. थोडा वरवर चिकटून राहतो. तो गरम साबणाच्या पाण्यात धुऊन काढावा लागतो. त्याला आम्ही सोपिंग म्हणतो. गडद रंगाला दोन सोपिंग लागतात. मग लॅबमध्ये ओल्या टॉवेलवर पांढरं कापड घासून बघायचं. कापड गुलाबी झालं की माल फेल. यात गूढ असं काही नाही.

जर्मनीतला आमचा एक बायर, म्हणजे खरेदीदार, हॉटेलांना टॉवेल पुरवतो. पांढऱ्या टॉवेलबरोबर त्याची मरून टॉवेलचीही ऑर्डर होती आणि कंटेनर गाठायची घाई. मशीनवरचा लक्ष्मण माझ्याकडे आला. "अक्का, एकच सोपिंग मारा म्हनलेत की वरनं. मी काय करू?" मी वर केबिनमध्ये गेले. शेठ म्हणाले, एका सोपिंगमध्ये वाफ वाचते, वेळ वाचतो. मी म्हटलं, टेस्ट फेल येईल. ती आलीच. गुलाबी झालेलं कापड मी त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवलं. त्यावर ते म्हणाले, सोलापूरचं पाणी जड आहे म्हणून टेस्ट फेल येते, जर्मनीचं पाणी चांगलं असतं. हे वाक्य मी पदरचं काही न घालता लिहिते आहे. शेठ परदेशात बिझनेस शिकून आले आहेत.

माल माझ्या सहीशिवाय गेला. जर्मनीच्या चांगल्या पाण्यात, या टॉवेलांबरोबर धुतलेले हॉटेलांचे पांढरे झगे गुलाबी झाले. बायरने मालक आणि लॅबची हेड, दोघांनाही बोलावून घेतलं.

तर लाउंजमध्ये शेठ पाय पसरून खात असताना मामांचा फोन आला. मामा म्हणजे शेठच्या आईचे भाऊ, कारखान्यातले भागीदार. शेठनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि तेलुगूत बोलायला लागले. ती त्यांची घरची भाषा. माझं आडनाव मराठी, तेव्हा मला ती येत नसणार असा त्यांचा हिशोब.

मी भवानी पेठेत वाढले. आमच्या डाव्या अंगाला तेलुगू विणकराचं घर, उजव्या अंगाला तेलुगू विणकराचं घर. मी खेळले तेलुगूत, भांडले तेलुगूत. डाय-हाउसमध्ये, म्हणजे जिथं रंगाई चालते तिथं, निम्म्या माणसांशी मी आजही तेलुगूतच बोलते. कारभार हाती घेतल्यापासून शेठ एकदा जरी तिथं येऊन उभे राहिले असते तर त्यांना हे कळलं असतं. पण तिथं त्यांना वास येतो. आणि आखातात बसून तेलुगूत गुपित बोलणं हेही त्यांनाच सुचू जाणे. समोर कॉफीचं मशीन पुसणाऱ्या माणसाच्या छातीवरचं नावसुद्धा तेलुगू होतं.

शेठ मामांना सांगत होते की सगळं ठरलंय. मीटिंगमध्ये सांगायचं, मॅडमनी टेस्ट नीट केली नाही, फेल माल पास केला. मॅडम सॉरी म्हणतील. मग सांगायचं की यांना आम्ही काढतोय, नवीन लॅब हेड येतोय. बायरचं समाधान होईल, पुढची ऑर्डर शाबूत. तशाही त्या दोनेक वर्षांत रिटायर होणार. बायरने त्यांना आयतंच बोलावलंय. मामांनी काहीतरी विचारलं असावं. शेठ हसून म्हणाले, नाही नाही, समोरच बसल्यात, केक खातायत.

मी खरंच केक खात होते. राग नंतर आला. आधी भीती वाटली. टॉवेलचा धंदा लहान आहे. या टोकाला शिंकलं की त्या टोकाला ऐकू जातं. माझ्या लॅबने फेल माल पास केला असं एकदा झालं, की माझ्या सहीला सोलापुरात कोणी विचारणार नाही. माझ्या हाताखाली दोघी आहेत, दोघींची नवीन सुरुवात. त्यांच्या नावालाही तोच डाग लागला असता, आणि हा डाग सोपिंगने जाणारा नव्हता.

शेठनी फोन ठेवला. मी बशी बाजूला सारली.

"शेठ, नाकु तेलुगु वच्चु," मी म्हटलं. "अंता विन्नानु." मला तेलुगू येते. सगळं ऐकलं.

त्यांनी माझ्याकडे नाही, फोनकडे पाहिलं. जणू चहाडी त्यानेच केली. मग पाय स्टुलावरून खाली आले. मग म्हणाले की ही नुसती स्ट्रॅटेजी होती, मॅडमनी पर्सनली घेऊ नये. खरोखर कोणी काढणार नव्हतं. रिटायर झाल्यावर कन्सल्टंट म्हणून ठेवायचा विचार तर त्यांच्या मनात कधीपासून होता. मी बशी पुन्हा जवळ ओढली. तेव्हा त्यांचा आवाज बदलला.

"मी तुम्हाला इथूनच परत पाठवू शकतो."

"पाठवा," मी म्हटलं. "मग घासल्यावर रंग का निघतो, ते तिथं तुम्ही समजावून सांगा."

शेजारी एक गृहस्थ तोंड उघडं टाकून घोरत होते. मी शेठना माझं म्हणणं सांगितलं. मी आपणहून तुमची अब्रू काढणार नाही. पण मला विचारलं तर खोटं बोलणार नाही, आणि माझ्या देखत कोणी खोटं बोललं तर तेही चालू देणार नाही.

शेठ उठले, उगीच एक चक्कर मारून आले. या खेपेला ताट रिकामं होतं. खुर्चीच्या काठावर बसले आणि खालच्या आवाजात विचारलं, "सोपिंग म्हणजे नक्की रंगाच्या आधी की नंतर?"

लाउंजमधला उरलेला वेळ मी आमच्या मालकाला त्याचा कारखाना कसा चालतो ते शिकवण्यात घालवला.

जर्मनीतली मीटिंग थोडक्यात आटोपली. बायरच्या टेक्निकल हेड म्हणजे पिकल्या केसांच्या एक बाई. त्यांनी पहिलाच प्रश्न मला केला, हा माल तुमच्या लॅबने पास केला होता का. मी तोंड उघडायच्या आत शेठ म्हणाले, "नाही. यांनी फेल केला होता. मी पाठवला." इतक्या हळू म्हणाले की बाईंना ऐकू गेलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. शेठना तेच वाक्य पुन्हा, मोठ्याने म्हणावं लागलं. बाईंनी मान हलवली आणि चहा मागवला. त्यांना ते आधीपासून माहीत असावं, असं मला वाटतं.

पांढऱ्या टॉवेलची ऑर्डर राहिली. मरूनची गेली. यापुढे लॅबचा होकार थेट बायरकडे गेल्याशिवाय कंटेनर हलणार नाही, अशी अट पडली. मरून बंद झाल्यावर एक मशीन थांबलं आणि त्यावरच्या लक्ष्मणला दिवाळीपर्यंत घरी बसावं लागलं. विचारायला आला होता तो, आणि बसलाही तोच. शेठची गाडी मात्र त्याच दिवाळीत नवी झाली.

येताना पुन्हा तोच विमानतळ. लाउंजच्या दारात शेठ थांबले आणि म्हणाले, आज कार्डावर गेस्ट चालत नाही, काहीतरी सिस्टिमचा प्रॉब्लेम आहे. त्यांनी अजून कार्ड दाखवलंसुद्धा नव्हतं. मी बाहेर गेटजवळ लोकांच्या बॅगांमध्ये जागा केली आणि छान झोपले.

आता गडद रंगाला दोन सोपिंग होतात. शेठ डाय-हाउसमध्ये अजून येत नाहीत. मामांचा फोन आला की केबिनचं दार तेवढं लावून घेतात. लॅबमधल्या दोघींना मी एवढंच सांगून ठेवलंय: टेस्ट फेल असेल तर फेल म्हणा, आणि मालकाबरोबर प्रवासाला गेलात तर त्याचे फोन संपेपर्यंत झोपू नका.