बाकाचं तोंड

बाक दिसला की सुभेदार आधी त्यावर बसायचे, समोर काय दिसतं ते पाहायचे आणि मगच कागदावर खूण करायचे. एक चौकोन, आणि बसणाऱ्याचं तोंड ज्या दिशेला तिकडे बाण. "बाक कुटं हाय एवढं लिवून भागत न्हाई गड्या. त्याचं तोंड कुणीकडं हाय?"

फौजेतून सुटल्यावर ते साताऱ्यात आमच्या नकाशा विभागात लागले होते. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पाटी कुठल्या रस्त्यावरून वाचता येते, हेही ते टिपायचे. आम्ही हसायचो. त्यांच्या पत्नीला अजिबात ऐकू येत नसे. "तिला गाडी दिसली तरच कळतंय," असं एकदा म्हणाले होते, तेवढंच.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर कार्यालयात संगणक आला. सगळ्यांनी मिळून त्यात शहराचा नकाशा भरायचं ठरलं. सुभेदारांचे कागद माझ्याकडे आले. संगणकात बाकासाठी नुसता ठिपका होता. दिशा वेगळी टाइप करावी लागे. मुदत संपत आली होती. मी बाण सोडून दिले आणि सुभेदारांना सांगितलं नाही.

पुढे रस्ता रुंद झाला. उखडलेले बाक त्या नकाशावरून परत बसवले. चढावरच्या बसथांब्याचा बाक जागच्या जागी बसला, पण रस्त्याकडे पाठ करून.

सुभेदारांच्या पत्नी त्यावर बसल्या होत्या. मान वळवून पाहिलं तेव्हा बस सुटत होती. त्या धावल्या, पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. त्या अंथरुणातून पुन्हा उठल्याच नाहीत.

दिवसकार्य आटोपून सुभेदार कामावर आले. म्हणाले, "माझाच बाण चुकला असंल गड्या. कागद बघ की जरा."

मी पाहिला. बाण बरोबर होता. कागद सापडत नाही, असं मी त्यांना सांगितलं.

त्यानंतर ते नोकरी सोडून सांगलीला मुलीकडे गेले. दोन वर्षं मी जाईन जाईन म्हणत राहिलो. शेवटी तो कागद घेऊन गेलो. मुलीने दार उघडलं. वडील महिन्यापूर्वीच गेल्याचं तिने सांगितलं. आपल्या हातून चूक झाली, असं शेवटपर्यंत म्हणत होते.

मी कागद तिच्यापुढे ठेवला. "त्यांची चूक नव्हती."

तिने बाणावर बोट ठेवलं.

"मग कुणाची?"

मी सांगितलं. तिने कागदाची घडी घालून ती स्वतःजवळ ठेवली, आणि उठून माझ्यासाठी दार उघडलं.